कुत्र्याची फिर्याद कोणीं करावी?

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, भारजा नदी समुद्रास मिळते तेथें केळशी हें गांव वसलेलें आहे. महालक्ष्मीचें देऊळ, याकुबबाबांचा दर्गा आणि खाडीनजीकची वाळूची टेकडी यांमुळें बाहेरच्या लोकांसही तें ठाऊक आहे. अशा गांवांत एखाद्या माणसानें वाटेवरच्या कुत्र्याला दोरीनें बांधून काठीनें झोडपलें, आणि मे महिन्याच्या सुटींत मुंबईहून घरीं आलेल्या एखाद्या गृहस्थानें तें पाहिलें, असें क्षणभर धरून चालावें. कुत्रें मेलें नाहीं, त्याचा पायही मोडला नाहीं. दोर सुटतांच तें अंग चोरीत माडांच्या बागेंत निघून गेलें. त्या गृहस्थानें आतां कोणाकडे जावें?

कायदा नाहीं असें मुळींच नाहीं. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 सालीं झाला. त्याच्या 11 व्या कलमांत जनावरास मारणें, लाथाडणें, उपाशी ठेवणें, टाकून देणें, इतकेंच काय, सदैव साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास धन्यानें फिरावयास न नेणें, हेही अपराध गणले आहेत. पहिल्या अपराधास दंड मात्र 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत! एवढ्या पैशांत आज दोन माणसांच्या चहाफराळाचीही नीट सोय होत नाहीं. तथापि खरें उणें दंडाच्या रकमेंत नाहीं. या कलमांतील बहुतेक अपराध अदखलपात्र आहेत. ठाण्यांत नोंद होते. परंतु मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाल्यावांचून पोलिसांस तपास करतां येत नाहीं. जनावराचा अवयव तोडणें, त्यास क्रूरपणें ठार करणें, झुंजी लावणें, अशा थोड्याच बाबतींत या कायद्याखालीं त्यांना आपण होऊन हात घालतां येतो. बाकी सर्व भार ज्यानें पाहिलें त्याच्यावर. त्यानेंच कोर्टाचे हेलपाटे घालावे, साक्षीदार जमवावे, आणि ज्याच्याशीं बांधाला बांध लागलेला आहे त्याच्याशीं वैरही पतकरावें.

बैलाची गोष्ट निराळी असते. बैलास कोणी जखमी केलें तर त्याचा धनी स्वतःच ठाण्याची पायरी चढतो, कारण नुकसान त्याचें असतें. 1860 च्या दंडसंहितेची दृष्टिही अशीच धन्याची होती. 10 रुपये किमतीचें जनावर मारलें तर एक शिक्षा, 50 रुपये किमतीचें मारलें तर अधिक. बेवारशी कुत्र्याची किंमत करावयाची कोणीं? 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमानें ही किमतीची अट काढून टाकली. आतां कोणतेंही जनावर ठार केलें, विष घालून मारलें वा निकामी केलें, तर पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि हा अपराध दखलपात्रही आहे. पालट मोठाच. परंतु ज्याचें हाड शाबूत राहिलें असें केळशीचें तें कुत्रें पुन्हां 1960 च्या कायद्याच्याच दारीं येऊन उभें राहतें.

हें काम दयाळू लोकांच्या मंडळीकडे सोंपवावें, असें पुष्कळांना वाटतें. मुंबईंत अशी मंडळी 1874 सालींच निघाली, आणि परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयानें असंख्य मुक्या जिवांची शुश्रूषा केली आहे. 2001 च्या नियमांनीं तर प्रत्येक जिल्ह्यास अशी संस्था असावी असें ठरविलें. परंतु जिल्ह्याचें ठाणें केळशीपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा माणूस तेथून कधीं येणार? शिवाय दुसऱ्यास आरोपी करण्याचा अधिकार खाजगी हातीं असणें कितपत इष्ट, हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्क शहरांत हेन्री बर्ग यांनीं 1866 सालीं स्थापिलेल्या संस्थेचे हस्तक जवळजवळ दीडशें वर्षें हें काम करीत होते. 2014 पासून तेथेंही तें मुख्यतः पोलिसांकडे गेलें, आणि संस्थेकडे उपचार व वैद्यकीय पुरावा राहिला. ही वांटणी शहाणपणाची दिसते.

मग ग्रामपंचायत कां नको? ती तर दारांतच आहे. पण कुत्रीं फार झालीं, रात्रीं झोंप लागत नाहीं, पोरास कुत्रें चावलें, या तक्रारीही तिच्याकडेच येतात, आणि त्या खोट्या नसतात. 2023 च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची पैदास आटोक्यांत ठेवण्याचें कामही स्थानिक संस्थांचेंच आहे. ज्याच्यावर कुत्रीं कमी करण्याचा तगादा, त्याच्याच हातीं कुत्र्यांचें रक्षण देणें धोक्याचें. या बाबतींत मुंबईनें एकदां चांगलाच चटका खाल्ला आहे. 1832 च्या जूनमध्यें बेवारशी कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम चालू होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानें अंमलबजावणीचा धंदा झाला. पारशी समाजांत कुत्र्यास अंत्यविधींतही मानाचें स्थान. तो समाज खवळला, दुकानें बंद झालीं आणि शहरांत दंगा उसळला.

तेव्हां उरतात ते पोलीस, आणि खेड्यांत त्यांचा डोळा म्हणजे पोलीस पाटील. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमान्वयें गांवांतील गुन्ह्यांची खबर वर देणें हें त्याचें कर्तव्यच आहे. त्याला निवडणुकीस उभें राहावयाचें नसतें, हा एक मोठा गुण. त्यानें खबर द्यावी, पशुवैद्यानें जखमा तपासून दाखला द्यावा, फिर्याद सरकारनें चालवावी. पाहणारानें फक्त साक्ष द्यावी. यासाठीं मारहाणीचा अपराध दखलपात्र झाला पाहिजे. केंद्र सरकारनें 2022 सालीं दुरुस्तीचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. त्याचा कायदा मात्र झालेला नाहीं.

तोंपर्यंत आणखी एक अडचण आहे, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. 1960 च्या कायद्याखालील फिर्याद अपराध घडल्यापासून तीन महिन्यांच्या आंत व्हावी लागते. मे महिन्यांत पाहिलेली मारहाण मनांत ठेवून मुंबईस परतलेला तो गृहस्थ गणपतीला पुन्हां केळशीस येईल, तेव्हां ती मुदत टळून गेलेली असेल.