रस्त्याचे मोजमाप कोणी करायचे?

तुमच्या शाळेच्या वाटेवर वाहतुकीचे दिवे असलेला एखादा चौक असेल. तेथे पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती सेकंद असतो, हे तुम्ही कधी मोजले आहे का? एकदा मोजून पाहा. साध्या घड्याळाचा सेकंदकाटाही पुरेल. मग रस्त्याची रुंदी काढा. त्यासाठी फीत घेऊन भर रहदारीत उतरू नका! आपल्या एका पावलाची लांबी शाळेच्या मैदानावर आधी मोजून ठेवायची आणि रस्ता ओलांडताना पावले मोजायची, की झाले.

आमच्या घराजवळच्या चौकात मी हे केले. रस्ता १४ मीटर रुंद निघाला आणि हिरवा दिवा १२ सेकंद. म्हणजे वेळेत पलीकडे पोहोचायचे तर सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालले पाहिजे. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. दिव्यांच्या वेळा ठरवताना माणसाच्या चालीचा वेग एवढाच पुष्कळ ठिकाणी धरला जातो. ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आसपासचा हा वेग तुम्हाआम्हाला मुळीच जड नाही.

माझ्या आईचे वय ७४ वर्षे. घरासमोरच्या मोकळ्या जागेत १० मीटरवर खूण करून मी तिला तिच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगितले. साडेबारा सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर. या वेगाने १४ मीटरचा रस्ता ओलांडायला साडेसतरा सेकंद हवेत. दिवा लाल होईल तेव्हा ती ९.६ मीटरवर असणार, अजून ४.४ मीटर बाकी, आणि गाड्या सुटलेल्या! आकडेमोड तिला दाखवली तेव्हा ती सहज म्हणाली, “अरे, म्हणून तर मी वाचनालयात जायचे सोडले.” वाचनालय त्या रस्त्याच्या पलीकडे आहे. वर्षभर ती तिकडे फिरकली नव्हती. तिचे डोळे थकले असावेत, असे मी समजत होतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला घरातली एवढी गोष्ट कळू नये, याची मला लाज वाटली.

आता खरा प्रश्न पाहा. समजा, त्या चौकाची सुधारणा करायची आहे आणि त्यासाठी कोणी तज्ज्ञ तेथे उभा राहून दिवसभर मोजणी करतो आहे. गाड्या किती, सायकली किती, पायी किती, त्यांत वृद्ध किती. वृद्धांच्या रकान्यात जवळजवळ काहीच येणार नाही. मोजणी अगदी प्रामाणिकपणे केलेली असेल, पण तिच्यावरून निष्कर्ष काय निघेल? येथून वृद्ध माणसे जात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी वेळ वाढवण्याची गरज नाही!

तुम्ही प्रयोगशाळेत विद्युतमंडल जोडता. अमीटरचा काटा शून्यावर आहे, म्हणून विभवांतरच नाही असे तुम्ही म्हणाल का? मंडलातला रोध फार मोठा असेल तरीही काटा हलत नाही. विभवांतर पाहायचे तर व्होल्टमीटर वेगळा जोडावा लागतो. रस्त्यावरची मोजणी हा अमीटर आहे. किती माणसे गेली ते तो बरोबर सांगतो, किती जणांना जायचे होते ते मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी घरोघरी विचारावे लागते. पायवाटा, सायकलमार्ग, बसमार्ग यांची योजना करताना तेथल्या रहिवाशांना सामील करून घ्यावे असे म्हणतात, ते केवळ त्यांचा मान राखण्यासाठी नव्हे. त्यांच्यापाशी अशी माहिती असते, जी रस्त्यावर उभे राहून कोणत्याही उपकरणाने मिळत नाही.

याचे एक चांगले उदाहरण हॉलंडमधले आहे. आज तो देश सायकलींसाठी प्रसिद्ध असला, तरी पन्नाससाठ वर्षांपूर्वी तेथल्या रस्त्यांवर मोटारींचेच राज्य होते. १९७१ या एका वर्षात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावरील अपघातांत मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ॲमस्टरडॅम शहरात द पाइप नावाची एक दाट वस्ती आहे. तेथले अरुंद रस्ते मोटारी येण्यापूर्वीचे, एकोणिसाव्या शतकातले. १९७२ च्या सुमारास त्या रस्त्यांवर खेळणारी मुले कोणी मोजली असती तर फारशी सापडली नसती, कारण सारी जागा मोटारींनी व्यापली होती. मग तेथल्या शाळेतली, तुमच्याहूनही लहान मुले कामाला लागली. त्यांनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि एक रस्ता काही काळ वाहनांना बंद करून तेथे खेळून दाखवले. मोटारवाले संतापलेही. त्या वेळी दूरचित्रवाणीसाठी या सगळ्याचा माहितीपट तयार झाला. पुढच्याच वर्षी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव घेऊन पालकांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

डेल्फ्ट शहरात वेगळाच प्रयोग झाला. घरांपुढच्या रस्त्याचे सरळपण मोडून त्यात झाडे, बाके आणि वळणे घातली. गाडीला बंदी नाही, पण तिने माणसाच्या चालीने जायचे. या रस्त्यांना डच भाषेत वूनर्फ म्हणतात. ‘वस्तीचे अंगण’ असे त्याचे मराठी करता येईल. १९७६ साली तेथल्या कायद्याने या अंगणांना मान्यता दिली.

गाडीचा वेग थोडा कमी केल्याने एवढा काय फरक पडणार? गतिविषयक समीकरणे तुम्हाला येतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मूल रस्त्यावर आलेले दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत १ सेकंद जातो असे धरू. ब्रेक लागल्यावर ऋण त्वरण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. पहिल्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते आणि नंतर सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३.३ मीटर. आता वेग ताशी ५० घ्या, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. पहिल्या सेकंदातच गाडी १३.९ मीटर गेली! म्हणजे ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही. मूल १३.५ मीटरवर उभे असेल तर पहिला चालक त्याच्यावर रागावेल आणि दुसरा त्याला पूर्ण वेगाने धडक देईल. वाचकहो, या वाक्यापाशी थोडे थांबा आणि आकडे पुन्हा तपासा.

हॉलंडमध्ये अलीकडच्या वर्षांत अपघाती मृत्यूंची संख्या सातशेच्या आसपास असते. या घटीचे सारे श्रेय नागरिकांच्या चळवळींना देणे बरोबर होणार नाही. आसनपट्टे, सुधारलेली वाहने, रुग्णालयांतील उपचार यांचाही त्यात वाटा आहे. पण रस्त्याचा आकार बदलावा, हा विचार वस्तीतूनच वर आला.

बसचेही असेच आहे. तिकिटे मोजली की बसमध्ये चढलेली माणसे कळतात. कंटाळून रिक्षाने गेलेली किंवा जाण्याचा बेतच सोडलेली माणसे कळत नाहीत. गावाहून येणारी एखादी मुलगी बस वेळेवर येत नाही म्हणून शाळा सोडते, तेव्हा वाहकाच्या यंत्रात एक तिकीट कमी होते, एवढेच. शिवाय सरासरी फसवी असते. ‘सरासरी दर १५ मिनिटांनी बस’ असे वेळापत्रक म्हणते, पण प्रत्यक्षात एक बस ५ मिनिटांनी आणि पुढची २५ मिनिटांनी आली तरीही सरासरी १५ च राहते. दर मिनिटाला एक उतारू थांब्यावर येतो असे धरा. ३० पैकी २५ उतारू मोठ्या अंतरातच सापडतात आणि ते सरासरी साडेबारा मिनिटे थांबतात. उरलेले पाच अडीच मिनिटे. सगळ्यांची मिळून सरासरी जवळजवळ ११ मिनिटे येते, साडेसात नव्हे. तक्रार करणारे उतारू आणि वेळापत्रक दाखवणारा अधिकारी दोघेही खरे बोलत असतात! थांब्यावर आठवडाभर वही घेऊन बसल्याशिवाय हा गुंता सुटत नाही, आणि ते काम तेथे रोज उभे राहणाराच करू शकतो.

ही माहिती द्यायची कोठे? पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत सुरू केली. तीत आपल्या भागातले पदपथ, दिवे, बसथांबे अशी लहान कामे रहिवाशांना अर्ज करून सुचवता येतात. खेड्यात ग्रामसभा आहे. अर्जात “फार त्रास होतो” असे लिहू नका. तारीख, वेळ, सेकंद, मीटर लिहा. आणि घरोघरी विचारताना एक प्रश्न जरूर ठेवा: “तुम्ही कोठे जायचे सोडून दिले आहे?”

आमच्या गल्लीतल्या नववीच्या चार मुलांनी हाच प्रश्न विचारत एक रविवार घालवला. रस्ता ओलांडणेच सोडलेली अकरा माणसे सापडली. दोन पाठीवर बाळ बांधून जाणाऱ्या मजूर बाया होत्या, हे मला अनपेक्षित होते. पहिल्या अर्जाला उत्तरच आले नाही. दुसऱ्याला तक्ता जोडला. चार महिन्यांनी हिरवा दिवा १८ सेकंदांचा झाला. आई वाचनालयात गेली, मी घड्याळ धरून बरोबर होतो. जाताना १७ सेकंद लागले. येताना पिशवीत दोन जाड कादंबऱ्या होत्या, १९ लागले. तिसरा अर्ज मुलांनी लिहायला घेतला आहे.