जेवणाच्या खुर्च्यांची निगा

पाटावर बसून जेवण्याची रीत अनेक घरांतून मागे पडली आणि तिच्या जागी मेज व खुर्च्या आल्या. पाट ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होई. कापडी बैठकीच्या खुर्चीचे तसे नाही. कापडाखाली फोम किंवा काथ्या असतो. तेथवर झिरपलेले पाणी लवकर सुकत नाही. मग कुबट वास येतो आणि बुरशीही धरते. म्हणून मळाइतकेच घाईने ओतलेल्या पाण्याचे व अविचाराने लावलेल्या साबणाचेही भय बाळगावे.

हळदीचेच उदाहरण घ्या. वरणाचा थेंब सांडला की हात साबणाकडे जातो आणि पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो. कापड कायमचे गेले असे आपणांस वाटते. वस्तुतः हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षाराशी संयोग होताच लालसर होते. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू बनवतात ते याच गुणामुळे! तेव्हा असा डाग पडताच साबण दूर ठेवावा. सांडलेले चमच्याने उचलून कोरड्या फडक्याने टिपावे; चोळू मात्र नये, कारण चोळल्याने डाग पसरतो व धाग्यांत मुरतो. तेलाचा अंश उरल्यास त्यावर मैदा किंवा टाल्कम पावडर पसरून काही तासांनी झटकावी. साबणाने तांबडा झालेला डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने टिपला की पुन्हा पिवळा होतो, आणि त्या पिवळेपणावर ऊन हा उत्तम उपाय आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मात्र कापडाचा मूळ रंगही उडू नये म्हणून मधून मधून पाहत राहावे.

नेहमीच्या सफाईचा आरंभ कोरड्या ब्रशाने करावा. शिवणींत आणि बैठक व पाठ यांच्या सांध्यांत अन्नकण साचतात व तेथे मुंग्या-झुरळे येतात. काही तयार खुर्च्यांच्या तळाशी खुणेची चिठ्ठी असते. तीवर ‘डब्ल्यू’ असल्यास पाण्याने सफाई चालते, ‘एस’ असल्यास पाणी वर्ज्य समजावे, आणि ‘एक्स’ असल्यास केवळ ब्रश किंवा व्हॅक्यूम वापरावा. चिठ्ठी नसेल तर बैठकीच्या खालच्या बाजूस कोठेतरी ओले पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्यास रंग लागला तर पाण्याचा विचार सोडावा.

पाणी चालत असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर सौम्य डिटर्जंट फेटून केवळ फेस घ्यावा. तो मऊ ब्रशाने डागाच्या कडेकडून मध्याकडे लावावा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि कोरड्या फडक्याने दाबून ओल काढावी. दूध किंवा अंडे सांडल्यास पाणी थंडच घ्यावे. गरम पाण्याने ते डाग पक्के होतात. नंतर खुर्ची पंख्याखाली आडवी ठेवावी व पूर्ण सुकेपर्यंत तीवर कोणी बसू नये. वास घालवण्यासाठी खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झटकावा. परंतु सोडाही क्षारच असल्याने हळदीचा डाग आधी निघालेला असावा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हवामानाचाही विचार हवा. दिल्ली वा नागपूरच्या उन्हाळ्यात खुर्ची लवकर सुकते. कोकण, केरळ वा बंगालच्या पावसाळ्यात मात्र ओली सफाई टाळलेली बरी. ती मृगापूर्वीच उरकावी. बुरशी दिसल्यास खुर्ची घराबाहेर नेऊन, नाकातोंडास फडके बांधून झटकावी. दम्याच्या रोग्यास बुरशीचे कण अपायकारक असतात. फोममध्येच बुरशी शिरली असेल तर तो बदलणे श्रेयस्कर.

कापड अगदीच विटले तरी खुर्ची टाकू नये. पुष्कळ खुर्च्यांची बैठक खालून चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती सोडवून जुने कापड काढावे व त्याच्याच मापाने नवे कापावे. ४५ सेंटीमीटर चौरस बैठकीस साधारण ६० सेंटीमीटर लांबीरुंदीचा तुकडा लागतो. १२० सेंटीमीटर पन्ह्यात असे दोन बसतात, म्हणजे सहा खुर्च्यांना सुमारे दोन मीटर कापड पुरते. कण्णूर, करूर वा पानिपत येथील जाड विणीचे कापड यासाठी चांगले. सुती असेल तर आधी भिजवून आटवून घ्यावे. प्रथम चारही बाजूंच्या मध्यभागी बारीक खिळे ठोकावेत, मग कोपऱ्यांकडे यावे. कापड ताणून, सुरकुती न पडू देता बसवावे.

हे काम घरातील सर्वांनी मिळून केल्यास एका दुपारी होण्याजोगे आहे. यात वाचतात ते केवळ पैसे नव्हेत. सागाचा वा शिसवीचा भक्कम सांगाडा असलेली खुर्ची केवळ कापडापायी भंगारात जाण्यावाचूनही वाचते.