हाजी मोहसिन यांची जमीन

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. वक्फचा हिशेब वेगळा. त्यात मालमत्ता राखायची आणि तिचे उत्पन्न वाटायचे.

बंगालमधील हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसिन अविवाहित होते. सावत्र बहिणीकडून आलेली मोठी जमीनदारी त्यांनी १८०६ मध्ये वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ भाग ठरवले : तीन धर्मकार्याला, चार निवृत्तिवेतने व दानधर्माला, दोन विश्वस्तांना. १८१२ मध्ये ते वारले. विश्वस्तांना मात्र दोन भाग पुरेनात! अफरातफर झाली आणि कारभार कंपनी सरकारने हाती घेतला. साचलेल्या पैशातून १८३६ मध्ये हुगळीत कॉलेज उघडले. तिथले बहुसंख्य विद्यार्थी हिंदू होते. ‘वंदे मातरम्’ लिहिणारे बंकिमचंद्र तिथेच शिकले. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी हा निधी खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो १८७३ मध्ये.