विम्याचा नकार व त्यावरील दाद

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीनें नाकारला, कीं पुष्कळ विमेदार मुकाट्यानें माघार घेतात. वस्तुतः नकाराचें पत्र हा अखेरचा निवाडा नव्हे.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणानें २०१९ सालीं यासंबंधीं कलम ठरवून दिलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागल्यास शरीरभारांक निघतो. डॉक्टरांचा सल्ला असून रोगी किमान १८ वर्षांचा व अंक ४० वा अधिक असल्यास केवळ स्थूलत्वाच्या सबबीवर खर्च नाकारतां येत नाहीं. तीव्र हृद्विकार, झोपेंतील श्वासावरोध किंवा न आवरणारा मधुमेह जडला असून सौम्य उपाय निष्फळ ठरले असल्यास ३५ अंकही पुरतो.

म्हणून नकाराचें कारण प्रथम लेखी मागावें व तें कलमाशीं ताडून पहावें. नंतर शल्यविशारदाचें पत्र व पूर्वोपचारांचे कागद जोडून कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्यांत उत्तर न आल्यास, अथवा पुन्हां नकार आल्यास, वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. मुंबई व पुणें येथें त्यांचीं कार्यालयें आहेत; तेथें फी नाहीं, वकीलही लागत नाहीं. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

रोग्यानें वजनाची व उपचारांची तारीखवार वही आरंभापासून ठेवावी. प्रसंगीं तीच त्याची साक्षीदार होते.