पांढरे फूल, निळे तेल

लखनौमधील युनानी औषधांच्या दुकानात 'गुल-ए-बाबूना' मागितले, की शेवंतीच्या धाकट्या बहिणीसारखी वाळकी फुले पुढे येतात. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गोंडा. हेच कॅमोमाइल. पोटातला वात आणि उडालेली झोप यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. पण पुडीतली फुले गुणाची आहेत की नुसता पालापाचोळा, हे कसे ओळखायचे?

याचे उत्तर लखनौतच मिळते. १९५९ साली स्थापन झालेली, 'सीमॅप' या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था येथेच आहे. कॅमोमाइलचे 'वल्लरी' आणि 'सिम-सम्मोहक' हे वाण तिचेच.

प्रयोगशाळेत आधी फुलांतून वाफ सोडतात. शिजत्या भाताच्या झाकणाला थेंब धरतात ना, तशीच ही वाफ थंड होते आणि पाण्यावर तेल तरंगते. गंमत म्हणजे हे तेल असते गर्द निळे! फुलात निळा रंग नसतोच. त्यातील 'मॅट्रिसिन' वाफेच्या उष्णतेने बदलून निळे 'कॅमाझ्युलिन' बनते. साध्या काढ्यात हे फारसे घडत नाही, म्हणून तो पिवळाच राहतो.

मग हे तेल गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रात जाते. घटक एकेक करून वेगळे होतात. त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे तुकडे करून बोटांच्या ठशांप्रमाणे ओळख पटवतो. पाकळ्यांतील 'एपिजेनिन'सारखी द्रव्ये वाफेबरोबर येत नाहीत. त्यांची तपासणी द्रवात विरघळवून वेगळी करावी लागते.

युरोपीय औषधसंहितेनुसार १ किलो वाळलेल्या फुलांतून किमान ४ मिलिलिटर निळे तेल मिळायला हवे. म्हणजे जेमतेम चमचाभर! पण त्यावरच शेतकऱ्याच्या श्रमांचे मोल ठरते. लखनौ परिसरात साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुले उमलतील तशी पुन्हापुन्हा खुडावी लागतात. ती कडक उन्हात टाकली किंवा दमट राहिली, तर मेहनत वाया जाते.

आपणही ही फुले घेताना वास पाहावा. हवाबंद बरणीत, उजेडापासून दूर ठेवावीत. शेवंती किंवा झेंडूची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फूल नाजूक असले, तरी त्यातले रसायन औषधच असते.