मुलांच्या भुताच्या गोष्टी

रात्रीचें जेवण आटोपून अंथरुणें पडलीं, कीं मुलें आजीपाशीं भुताच्या गोष्टीचा हट्ट धरतात; आणि सुशिक्षित घरांतील आईबाप, मुलें भित्रीं होतील या काळजीनें, ती गोष्ट मध्येंच थांबवितात. काळजी खोटी नव्हे. परंतु हीं भुतें मुळांत कोण आहेत, हें पाहिल्यावांचून त्यांना घराबाहेर काढणें न्यायाचें होणार नाहीं.

ठाणें-कल्याणच्या श्रोत्यांना त्यासाठीं दूर जावयास नको. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती. १९०९ सालीं अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें ते मृत्यु पावल्यावर एंथोवेन यांनीं ती संपादून कोंकणचा भाग १९१५ सालीं छापला. प्रश्नांचीं उत्तरें लिहून पाठविणारे बहुतेक गांवोगांवचे शाळामास्तर होते, व त्यांत ठाणें जिल्ह्यांतलेही होते. दिवसा त्रैराशिक शिकवावें आणि सायंकाळीं वेताळाची नोंद करावी, हें कोणास विचित्र वाटेल. पण समजुतीकडे न हंसतां व न भितां पाहण्याचा तो उत्तम पाठ होता.

या भुतांपैकीं प्रत्येकाला स्वतःची जागा असते आणि नियम असतो. मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वींच वारला, असा तो मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणांत गेलेली स्त्री. ज्या काळीं घरोघरीं मुलें आणि बाळंतिणी दगावत, त्या काळचें दुःखच येथें रूप घेऊन उभें आहे. गिऱ्हा पाण्यांत दबा धरून बसतो व एकट्यादुकट्याला खोल ओढतो. खाडी, उल्हास नदी आणि गांवोगांवचे तलाव यांच्या काठीं वाढणाऱ्या मुलाला तिन्हीसांजेला पाण्यापासून दूर ठेवण्यास याहून खात्रीचा पहारेकरी मिळाला नसता.

चकव्याची गोष्ट तर अधिकच मौजेची. तो वाटसरूला रात्रभर फिरवितो, आणि उजाडतां उजाडतां माणूस निघाला तेथेंच येऊन पोंचतो. जर्मनींतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत माणसांना अनोळखी रानांत सरळ चालावयास सांगितलें होतें. आभाळ भरलेलें असतां तीं नकळत वळत वळत आपलीच वाट ओलांडूं लागलीं. सूर्य दिसत असतां सरळ गेलीं. चकवा खराच होता, फक्त तो माणसाच्या पायांत होता!

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे रहस्याचा छडा लावून मोकळा होतो. रत्नाकर मतकरींनीं मोठ्यांसाठीं लिहिलेल्या गूढकथांत पुष्कळदां दार किंचित उघडें राहतें. मुलांना दोन्ही चालतात. अट इतकीच, कीं भुताचा नियम आरंभींच सांगितलेला असावा व सांगणारानें तो मोडूं नये. नियम ठाऊक असला, कीं मूल स्वतः डोकें चालवूं लागतें. तो नसला, कीं उरते ती नुसती भीति, आणि तीच अंथरुणांत बरोबर येते.

एक गोष्ट मात्र आईबापांनीं जरूर थांबवावी. गल्लीच्या टोकाची एकाकी म्हातारी जींत चेटकीण ठरते, ती. पिंपळावरच्या मुंजाला कोणी दगड मारीत नाहीं, म्हातारीला मारतात. जादूटोण्याचा आळ घेऊन माणसाला छळणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे.

डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर पिंपळ नाहीं आणि विहीरही नाहीं, ही तक्रार रास्त आहे. पण म्हणून विलायती किल्ल्यांतलीं भुतें आणावयास नकोत. १९१६ सालीं खुला झालेला पारसिकचा बोगदा सव्वा किलोमीटराहून लांब आहे. २०२२ पर्यंत जलद लोकल त्यांतूनच जात, आणि खिडकीबाहेर काळोख दाटतांच मुलें आरोळ्या ठोकीत. त्या मिनिट-दोन मिनिटांत डब्यांत एक माणूस वाढला कसा, एवढेंच आजीनें विचारावें. पुढची गोष्ट मुलेंच सांगतील.