शंभरातलं एक

जुलै लागला की न्यू जर्सीत रस्त्यांच्या कडेला, नाल्यांच्या काठी, पडक्या कुंपणांशी एकच नारिंगी फूल दिसायला लागतं. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, तरी दरवर्षी हजर. ही डे-लिली. मूळची पूर्व आशियातली, युरोपमार्गे अमेरिकेत आलेली. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे तिला बी जवळजवळ धरतच नाही. जमिनीखालून धुमारे सोडत ती पसरते. म्हणून मैलोन्मैल तीच. याच कुळात माणसाने तयार करून नोंदवलेले वाण मात्र लाखाच्या वर आहेत. इतके वाण करायचे तरी कशाला, हे बघावं म्हणून मी दक्षिण जर्सीतल्या एका बागेत गेले. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. घरामागच्या एकरभर जमिनीत नवे वाण तयार करणं हेच आता त्यांचं काम.

दिवसाची सुरुवात खुडण्याने होते. डे-लिलीचं फूल एका दिवसाचं. दुसऱ्या सकाळी त्याचा बुळबुळीत लोळा दांड्याला लोंबत असतो. बाई वाफ्यांमधून फिरत हे लोळे खुडतात. गडद लाल फुलांनी त्यांची बोटं जांभळी झालेली असतात.

मग संकर. एका फुलाचा पुंकेसर चिमट्याने तोडायचा, दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला त्याचे पराग लावायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आई अमुक, बाप तमुक. दोन संचांच्या झाडाचा चार संचांच्या झाडाशी सहसा जमत नाही, म्हणून त्यांचे वाफेच वेगळे. दीड-दोन महिन्यांत बोंड वाळून तडकतं, आत मिऱ्यांसारखं काळं बी. ते काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवून पेरायचं. पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं. प्रत्येक बी वेगळं निघतं, एकसारखी दोन नाहीत.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग बाईंनी कुदळ उचलली.

रोपांच्या लांबलचक ओळीत मोजक्याच झाडांशेजारी निळ्या झेंड्या होत्या. बाकीची उपटायची. "शंभरातलं एक ठेवते," त्या म्हणाल्या. ढकलगाडीत एकामागून एक झाडं पडत गेली, काही तर फुलासकट. त्यात एक फिकट गुलाबी होतं, घशाशी हिरवट, पाकळ्यांची कड किंचित मुरडलेली. मी न राहवून विचारलं, हे का? बाईंनी दांडा माझ्यासमोर धरून कळ्या मोजल्या. बारा. फांद्या दोनच. "सुंदर आहे, पण बारा कळ्यांची. पंचवीस-तीस हव्यात. फूल बघू नका, दांडा बघा."

मी ते घरी न्यायला मागितलं. त्या नाही म्हणाल्या. वाईट झाड एकदा बाहेर गेलं की फुटव्यांनी दहा घरी पोचतं, असं त्यांचं म्हणणं. त्या गुलाबी फुलाने मला नंतर बरेच दिवस सोडलं नाही. पण बाईंचं म्हणणं मला पटलं आहे. दिवसभराचं फूल म्हटल्यावर बागेतला बहर किती टिकणार हे कळ्याच ठरवतात.

शंभरातलं जे एक उरतं त्याचीही परीक्षा संपत नाही. आणखी काही वर्षं ते उघड्यावर राहतं. थंड रात्रीनंतर सकाळी फूल पुरतं उघडतं का, हे बाई मुद्दाम बघतात. आज फोटोत भाव खाणारी, जाड सोनेरी झालरीची कित्येक फुलं गार सकाळी निम्मीच उघडतात. झालर चिकटलेली, पाकळी फाटलेली. अशा फुलांवर लोक पैसे उधळतात याचा मला राग येतो. बियांपासून वाण जसाच्या तसा येत नाही, झाड विभागूनच वाढवावं लागतं. त्यामुळे एका झाडाची शंभर व्हायला वर्षं जातात. नव्या वाणाच्या जोडफुटव्याला शंभर डॉलर पडतात ते म्हणूनच.

आता नुसती हौस वाटणाऱ्या या कामाचा पाया विज्ञानाचा आहे. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधले आर्लो स्टाउट वंध्यत्वाचा अभ्यास करता करता डे-लिलीकडे वळले. तेव्हा बागांमध्ये पिवळा आणि नारिंगीच काय तो रंग. चीनहून आलेल्या झाडांशी संकर करत त्यांनी लाल-गुलाबी रंग आणले. १९३४ साली त्यांचं डे-लिलीवरचं पुस्तक आलं. या क्षेत्रातलं सर्वोच्च पदक आज त्यांच्याच नावाने दिलं जातं. १९८५ साली ते मिळालं 'स्टेला दे ओरो' या वाणाला. वॉल्टर जाब्लोन्स्की यांचा हा १९७५ चा वाण फूटभर उंचीचा, फूल छोटं सोनेरी, बहर पुन्हापुन्हा. तोंडावळा साधा, पण गुण झाडात. १९२४ चा 'हायपेरियन' उंच, लिंबासारखा पिवळा, सुगंधी. शंभर वर्षं झाली तरी घरोघरी आहे. लाखातले बहुतेक वाण इतके टिकणार नाहीत.

घरच्या बागेसाठी वाण निवडताना मी आता बाईंचेच प्रश्न विचारते. दांड्याला कळ्या किती, फांद्या किती, पुन्हा बहर येतो का, दांडा पानांच्या वर नीट उभा राहतो का. ऊन निदान सहा तास हवं. घरात मांजर असेल तर ही झाडं नकोतच. त्यांनी मांजरांची मूत्रपिंडं निकामी होतात. नाशिकच्या बहिणीला मी आणखी एक प्रश्न दिला आहे: हिवाळ्यात पानं झडतात की राहतात? पानं झडणाऱ्या वाणांना कडक थंडीची विश्रांती लागते, आपल्याकडे ते खंगतात. तिने सदाहरितच घ्यावेत. हे सगळं जुळलं की मग रंग आवडीचा घ्यावा, आणि नर्सरीवाल्याला कळ्यांचा आकडा सांगता आला नाही तर पुढच्या नर्सरीत जावं.